किंमत उतरलेली आलिशान गाडी

‘मर्सिडीज ई-क्लास, डिझेल ऑटोमॅटिक, २०१० मॉडेल, एमएच ४३ पासिंग, सात लाख, गाडी बघून बोला.’ अशी जाहिरात दिसली की कोपरखैरण्यातल्या बऱ्याच घरांत हिशेब सुरू होतो. तेवढ्याच पैशांत नवी छोटी हॅचबॅक येते. इथे मात्र चामड्याच्या सीटा, मागे पाय पसरून बसण्याइतकी जागा आणि लावताना ‘धप्प’ असा घट्ट आवाज करणारं दार मिळतं. मोह होतो. तो व्हावा अशीच ती गाडी असते, आणि नीट राखली असेल तर पंधराव्या वर्षीही ती पुण्याला जाऊन येताना अंग दुखू देत नाही.

अडचण एवढीच की गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चाळीस-पन्नास लाखांची म्हणून बांधलेली गाडी आज सात लाखांना मिळते. तिचा हेडलॅम्प, गिअरबॉक्समधली इलेक्ट्रॉनिक पट्टी आणि लोअर आर्म मात्र अजूनही चाळीस-पन्नास लाखांच्या गाडीचेच असतात. उलट रुपया घसरला की ते महागच होतात. पहिल्या वर्षी या फरकाचा अंदाज नसलेला मालक दुसऱ्या वर्षी गाडी कव्हरखाली उभी करतो. सेक्टरांच्या आतल्या रस्त्यांवर, धूळ बसलेल्या आणि टायर चपटे झालेल्या अशा सेडान बघायला फार शोधावं लागत नाही. त्यातल्या बहुतेकींचं इंजिन ठणठणीत असतं. म्हणूनच वाईट वाटतं.

या गाड्या महाराष्ट्राला परक्या नाहीत. मर्सिडीजनं १९९५मध्ये पिंपरीत, तेव्हाच्या टेल्कोच्या आवारात, ई-क्लासची जुळणी सुरू केली आणि २००९मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना उभारला. स्कोडा २००१पासून तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात गाड्या बनवू लागली. सुपर्ब तिथूनच बाहेर पडली आणि ऑडीची जुळणीही पुढे तिथेच झाली. म्हणून अनेकांचा समज होतो की गाडी चाकणची, तर पार्टही चाकणचेच आणि स्वस्त असणार. तसं नसतं. या गाड्यांचे मुख्य भाग परदेशातून पेट्यांत भरून येत आणि इथे जोडले जात. गिअरबॉक्स, इंजेक्टर, कंट्रोल युनिट आजही बाहेरूनच येतात आणि त्यांवर आयात शुल्क लागतं. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेवढा दिलासा खरा, पण बिलाचा मूळ आकार त्यानं बदलत नाही.

गाडी दोन घड्याळांवर म्हातारी होते. एक किलोमीटरचं, दुसरं वर्षांचं. बघणारे मीटरच बघतात, ‘फक्त साठ हजार चाललीय’ म्हणून खूश होतात. पण या सेडानमध्ये इंजिनाचं लोखंड फार उशिरा जातं. मर्सिडीजची चार सिलिंडरची डिझेल इंजिनं युरोपात टॅक्सीत तीन-चार लाख किलोमीटर सहज धावलेली आहेत. आधी जातं ते रबर, मग प्लास्टिक, मग वायरिंगचे जोड, आणि ही तिन्ही वर्षांच्या घड्याळावर चालतात. गाडी उभी असली तरी रबर कडक होतं, प्लास्टिक ठिसूळ होतं आणि खाडीच्या दमट, खारट हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. म्हणून पंधरा वर्षांत साठ हजार चाललेली गाडी मला कधीकधी दीड लाख चाललेल्या गाडीपेक्षा जास्त संशयास्पद वाटते. दीड लाखवालीचे निदान काही भाग तरी वेळेवर बदललेले असतात.

पुढे दिलेले आकडे ढोबळ आहेत. मॉडेल, वर्ष आणि गॅरेज यांप्रमाणे ते वर-खाली होतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरचं बिल साधारण वरच्या टोकाला आणि महापे-पावणे-तुर्भ्याच्या एमआयडीसी पट्ट्यातल्या चांगल्या स्वतंत्र गॅरेजचं खालच्या टोकाला, असं धरून वाचावं.

सुरुवात सस्पेन्शनपासून, कारण पहिलं बिल बहुधा तिथलंच येतं. साध्या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकाला एक लोअर आर्म असतो. या सेडानमध्ये चाक दोन-तीन वेगवेगळ्या आर्मनी धरलेलं असतं, म्हणूनच ती वळणावर इतकी ठाम बसते. प्रत्येक आर्मच्या टोकाला रबरी बुश किंवा बॉल जॉइंट असतो, आणि काही बुशांच्या आत धक्का शोषण्यासाठी तेल भरलेलं असतं. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून ‘टक्’ असा कोरडा आवाज आला, ब्रेक मारताना स्टीअरिंग किंचित थरथरलं, टायर आतल्या कडेनं जास्त घासला, की बुश फाटलेत असं समजावं. रॅम्पवर चढवून बघितलं की तेलाचे काळे ओघळ दिसतातही. एक आर्म आठ ते वीस हजारांना पडतो. दोन्ही बाजूंचे सगळे घेतले की मजुरी आणि अलाइनमेंट धरून सत्तर-नव्वद हजार. एकाच बाजूचा एकच आर्म बदलून पैसे वाचवायचा मोह होतो, पण उरलेले त्याच वयाचे असतात आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच लेबर भरावं लागतं. जुना आर्म ठेवून त्यात स्थानिक बुश ठोकून देणारेही आहेत. आवाज तेवढ्यानं जातो, पण गाडी वर्षभरात परत येते.

एस-क्लासमध्ये आणि काही ई-क्लासमध्ये स्प्रिंगऐवजी हवेचं सस्पेन्शन असतं. ते कसं चालतं हे समजलं की लाखभराची चूक टळते. प्रत्येक चाकावर जाड रबराचा फुगा असतो, त्यात दाबानं हवा भरलेली. चाकांजवळचे सेन्सर गाडीची उंची मोजतात, एक कॉम्प्रेसर हवा पुरवतो आणि व्हॉल्व्हचा एक ठोकळा ती कुठल्या कोपऱ्यात किती जायची ते ठरवतो. फुग्याचं रबर खालच्या बाजूला घडी घालून दुमडतं. चाक वर-खाली झालं की ती घडी सरकत राहते. दहा-बारा वर्षांनी नेमकी तिथेच बारीक चीर पडते. आधी गाडी रात्रभरात एका कोपऱ्यानं थोडी बसते आणि सकाळी चालू केली की उठते. मालकाला वाटतं, उठतेय ना, मग ठीक आहे. पण ती उठवायला कॉम्प्रेसर रोज जास्त वेळ चालत असतो. तो गरम होतो, त्याच्या रिलेचे पॉइंट चिकटतात, मग तो थांबतच नाही आणि एक दिवस जळतो. गाडी जमिनीला टेकते, टोचन करून गॅरेजला नेली जाते, आणि तिथे ‘कॉम्प्रेसर गेला’ असं सांगतात. ते खरंच असतं, पण अर्धंच. नवा कॉम्प्रेसर बसवला आणि फुग्याची गळती तशीच राहिली, तर तोही वर्षभरात जळतो. आधी साबणाच्या पाण्यानं गळती शोधायची, फुगा बदलायचा, मग कॉम्प्रेसर तपासायचा, आणि रिले तर कुठल्याही परिस्थितीत नवाच टाकायचा. त्याला किरकोळ पैसे लागतात. फुगा बाहेरच्या चांगल्या कंपनीचा पन्नास ते ऐंशी हजार, अधिकृत घेतला तर लाखाच्या वर. म्हणजे पहिल्या महिन्यात एका फुग्यावर निभावलं असतं, ते आठ महिने थांबल्यानं फुगा अधिक कॉम्प्रेसर असं दुप्पट होतं.

गिअरबॉक्सला मात्र सगळेच घाबरतात, आणि त्या भीतीपायी खर्चही वाढतो. ‘गिअरबॉक्स गेला’ हे वाक्य ऐकलं की लोक गाडी मिळेल त्या भावात विकून टाकतात. प्रत्यक्षात जुन्या मर्सिडीजचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स फार मजबूत आहे. १९९६पासून आलेला हा बॉक्स अनेक मॉडेलांत वापरला गेला. त्याची एक ठरलेली दुखणी जागा आहे. बॉक्सच्या आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी आणि बाहेरचं वायरिंग यांच्यामध्ये तेरा पिनांचं एक गोल कनेक्टर असतं. त्याभोवती दोन बारीक रबरी रिंगा असतात. वर्षांनी त्या कडक होतात आणि गिअर ऑइल थेंबाथेंबानं बाहेर येतं. ते खाली गळलं तर निदान डाग तरी दिसेल. पण बरेचदा ते वायरीच्या आवरणाच्या आतून, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं वर चढतं आणि बोनेटखालच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. तिथल्या पिना तेलकट होतात, सिग्नल बिघडतो आणि गाडी ‘लिम्प मोड’मध्ये जाते, म्हणजे दुसऱ्या गिअरवर अडकून रडतखडत चालते. गॅरेजवाल्यानं फक्त स्कॅनरचा कोड वाचला तर तो आतली पट्टी किंवा कंट्रोल युनिट बदलायला सांगेल. पट्टीलाच पंचवीस-चाळीस हजार, युनिटला त्याहून जास्त. त्याऐवजी कंट्रोल युनिटचा प्लग काढून बोटानं बघायचं. तेल लागलं तर दोष त्या कनेक्टरचा. नवं कनेक्टर दोन-तीन हजारांच्या आत मिळतं, आणि ऑइल, फिल्टर धरून सगळं काम पंधरा-वीस हजारांत होतं.

२००३पासून आलेल्या सात गिअरच्या बॉक्समध्ये कंट्रोल युनिटच आत, गरम तेलात बसवलेलं आहे. त्यावरचे वेग मोजणारे सेन्सर गेले की झटके, गिअर अडकणं, रिव्हर्स न लागणं सुरू होतं. हे युनिट त्या गाडीच्या चोरीविरोधी यंत्रणेशी बांधलेलं असतं. म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून काढलेला सेकंडहँड बॉक्स आणला तरी तो तसाच लागत नाही. त्याचं कोडिंग करू शकणारा माणूस आधी शोधावा लागतो. नव्या युनिटसह खर्च ऐंशी हजार ते दीड लाख. जुनंच युनिट दुरुस्त करून देणारे कारागीर आहेत, आणि काम हमीनं होत असेल तर निम्म्यात भागतं.

स्कोडा सुपर्बच्या १.८ लिटर पेट्रोल ऑटोमॅटिकची गोष्ट वेगळी. तिच्या सात गिअरच्या डीएसजीत दोन कोरडे क्लच असतात आणि त्यांना चालवणारा मेकॅट्रॉनिक नावाचा मेंदू. हे क्लच तेलात बुडालेले नाहीत, हवेवरच थंड होतात. उष्ण, दमट हवेत, थांबत-सरकत चालणाऱ्या रहदारीत या बॉक्सच्या कृत्रिम तेलामुळे विजेचा बिघाड होऊ शकतो, असं फोक्सवॅगननं मान्य केलं आणि २०१३मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून त्यांत खनिज तेल भरलं. उष्ण, दमट, थांबत-सरकत हे वर्णन कोपरखैरण्याहून वाशीला संध्याकाळी जाणाऱ्या रस्त्याला तंतोतंत लागू पडतं. मेकॅट्रॉनिक नवं घेतलं तर दीड ते अडीच लाख, दुरुस्तीला चाळीस ते सत्तर हजार, क्लचचा जोड वेगळा. अशी गाडी असेल तर सिग्नलला इंच-इंच सरकू नका. पुढच्या गाडीला चार फूट जाऊ द्या, मग एकदम पुढे घ्या. क्लच अर्धवट धरून सरकणं हेच त्याचं मरण आहे.

मर्सिडीजच्या दोन्ही बॉक्सना लागू पडणारी गोष्ट म्हणजे ‘गिअर ऑइल आयुष्यभर पुरतं’ हे वाक्य विसरून जाणं. दर साठ हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलायला वीस-तीस हजार लागतात. जाहिरातीतल्या गाडीच्या मालकाला हा एक प्रश्न जरूर विचारा, आणि बिल दाखवायला सांगा.

इंजिनात मॉडेलागणिक ठरावीक दुखणी आहेत, ती आधीच माहीत असलेली बरी. बीएमडब्ल्यूच्या ३२० डी आणि ५२० डीमधल्या २००७ ते २०११च्या सुमाराच्या दोन लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेन झिजते, आणि ती चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सकडच्या बाजूला असल्यानं नुसतं तिथवर पोचायलाच मोठं काम निघतं. चेन तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. थंड इंजिन चालू करताना मागून खरखर ऐकू आली की तिथूनच माघारी फिरावं. मर्सिडीजच्या सी-क्लासमधल्या १.८ लिटर सुपरचार्ज्ड पेट्रोलमध्येही चेन ताणते, पण ती पुढून बदलता येते. २००४ ते २००६च्या काही व्ही-६ पेट्रोलमध्ये बॅलन्स शाफ्टचं चक्र झिजतं, आणि त्यासाठी इंजिन उतरवावं लागतं. सुपर्बच्या आणि त्याच घराण्यातल्या ऑडीच्या १.८ टर्बो पेट्रोलला तेल पिण्याची खोड आहे. पिस्टन रिंगांतून तेल जळतं, हजार किलोमीटरला अर्धा-एक लिटरही जातं. मर्सिडीजच्या २००९नंतरच्या डिझेलमध्ये सुरुवातीचे इंजेक्टर बिघडत; एक इंजेक्टर पंचवीस-चाळीस हजार, आणि ते चार असतात.

याखेरीज इंजिन माउंटिंग. सिग्नलला उभं असताना सीटमधून थरथर जाणवते, एसी लावला की वाढते, आणि मेकॅनिक इंजेक्टरवर संशय घेतो. या गाड्यांच्या माउंटिंगमध्ये द्रव भरलेला असतो. तो निघून गेला की रबर बसतं. दोन इंजिनाची आणि एक गिअरबॉक्सचं मिळून चाळीस-पन्नास हजार. इंजेक्टरला हात लावण्याआधी हे तपासायला सांगा.

थंड ठेवणारी यंत्रणा स्वस्त वाटते, पण तीच सगळ्यात घातक. कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचं घर, काही पाइपांची टोकं प्लास्टिकची असतात. बारा वर्षं उकळत्या पाण्यात राहून ती बिस्किटासारखी होतात. एक दिवस खारघरच्या चढावर किंवा घाटात टोक तुटतं, मालक ‘अजून दोन किलोमीटर’ म्हणत गाडी दामटतो, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि आठ हजारांचं काम दोन लाखांवर जातं. तापमानाचा काटा वर सरकला की जिथे असाल तिथे गाडी बंद करा. आणि कूलंट कमी झालं म्हणून नळाचं पाणी ओतू नका. मोरबे धरणाचं आपलं पाणी पिण्याला उत्तम आहे, पण त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. शुद्ध केलेल्या पाण्यात कंपनीनं सांगितलेलाच कूलंट मिसळायचा.

ब्रेक, टायर, बॅटरी यांत रहस्य काही नाही. चार चांगले टायर पंचावन्न-पासष्ट हजार, मोठी बॅटरी पंचवीस हजारांच्या आसपास. फक्त २००२ ते २००६मधल्या ई-क्लासला एक खास इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा होती. तिचा पंप ठरावीक वेळा ब्रेक मारून झाले की बदलायला सांगतो, आणि तो फार महाग आहे. २००६च्या मध्यात कंपनीनं ती यंत्रणा काढून साधे ब्रेक बसवले. ई-क्लास घ्यायचीच असेल तर त्यानंतरची घ्या.

आता पावसाळा. कोपरखैरण्यात या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान पाऊसच करतो, आणि सगळ्यात फुकटात टळणारं नुकसानही तेच. बोनेट उघडलं की काचेच्या खाली काळी प्लास्टिकची जाळी दिसते. काचेवरून उतरणारं पाणी तिथून आत जातं आणि दोन्ही टोकांना असलेल्या भोकांतून चाकांमागे बाहेर पडतं. सेक्टरांच्या रस्त्यांवर गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष आहेत. त्यांची बारीक पानं आणि पाकळ्या त्या भोकांवर साचतात आणि पहिल्या पावसात त्यांचा चिखल होतो. मग पाणी बाहेर जात नाही, ते चढतं आणि केबिनच्या एअर फिल्टरच्या घरातून किंवा वायरिंगच्या भोकातून आत उतरतं. गालिच्याखाली जाड स्पंज असतो, तो चिंब होतो. वरून हात लावला तर काहीच कळत नाही. त्याच स्पंजाखाली वायरिंगचे जोड असतात. दोन आठवड्यांत काचा आतून धुकट होतात, आंबूस वास येतो, खिडकी आपोआप खाली जाते, कधी एअरबॅगचा तर कधी गिअरचा दिवा लागतो. वायरमन एकेक मॉड्यूल बदलायला लागतो, प्रत्येक तीस ते ऐंशी हजारांचं. आणि मूळ कारण म्हणजे मूठभर पानं. मे महिन्यात ती जाळी काढा, भोकांत बोट घालून कचरा काढा, एक तांब्या पाणी ओता, चाकामागून धार पडते का बघा. सनरूफ असेल तर तो उघडून चारी कोपऱ्यांतल्या भोकांत थोडं-थोडं पाणी ओतून तसंच तपासा. याला पंधरा मिनिटं लागतात. जुनी गाडी विकत घेतानाही गालिचा उचलून खालचा स्पंज दाबा. बघण्याची इतकी सोपी जागा लोक सोडून देतात आणि रंगाची जाडी मोजत बसतात.

पाणी साचलेल्या रस्त्यात ही गाडी घालू नका, हेही सांगायला हवं. हवा ओढण्याचं तोंड बरेचदा पुढे, खालच्या बाजूला असतं. तिथून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन बंद पडल्यावर पुन्हा चावी फिरवणं हे त्याहून वाईट.

विमा या सगळ्यात किती साथ देतो? बिघाडाला तर नाहीच. विमा अपघात, चोरी आणि पूर यांसाठी असतो. अपघात झाला तरी जुन्या गाडीच्या प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि दहा वर्षांपुढच्या धातूच्या भागांचेही निम्मेच. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी पूर्ण गेली असं धरते. पाच लाख विमा-किमतीच्या सेडानचे दोन हेडलॅम्प, बंपर, रेडिएटर आणि दोन एअरबॅग एवढ्यातच ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. बाहेरून फारसं काही झालेलं दिसत नाही आणि गाडी कागदावर संपते.

कागदांचं म्हणाल तर, खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं, शिवाय पर्यावरण कर. १ एप्रिल २०२२पासून कारच्या पहिल्या नूतनीकरणाचं केंद्राचं शुल्क ५,००० रुपये झालं. ही रक्कम गाडीच्या एका आर्महून कमी आहे, तिची चिंता नको. चिंता दिल्लीच्या गाड्यांची करा. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या आदेशांनंतर तिकडच्या दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्या स्वस्तात बाहेर आल्या आणि त्यांतल्या बऱ्याच महाराष्ट्रात विकल्या गेल्या. गाडी चांगलीही असेल, पण ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला रस्ता कर यांचा हिशेब होईपर्यंत पैसे देऊ नका.

गॅरेज निवडताना एकच कसोटी लावावी असं मला वाटतं. तिथे त्या गाडीचा खरा स्कॅनर आहे का, आणि कोड वाचल्यावर मेकॅनिक पुढे काय करतो? मर्सिडीजला झेंट्री, फोक्सवॅगन-स्कोडा-ऑडीला व्हीसीडीएस, बीएमडब्ल्यूला इस्टा. तक्रार कुठून येतेय ते कोड सांगतो. कुठला पार्ट मेला ते सांगत नाही. कोड बघून लगेच पार्टची यादी लिहिणाऱ्यापासून लांब राहा. मल्टिमीटर घेऊन वायर तपासणारा, प्लग काढून बघणारा माणूस मिळाला तर त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका; तो वाचवतो त्याच्या मानानं ती काहीच नसते. पार्टच्या बाबतीत बचतीची खरी जागा वेगळी आहे. मर्सिडीज आर्म स्वतः बनवत नाही, ते लेमफोर्डरकडून येतात. शॉकअप सॅक्सचे, रेडिएटर बेहरचे, इंजेक्टर बरेचदा बॉशचे. तोच पार्ट त्याच कारखान्याच्या खोक्यात घेतला तर तारा छापलेल्या खोक्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. जुन्या बाजारातून दार, काच, सीट, दिवे खुशाल घ्या. रबर, ब्रेक आणि कोडिंग लागणारं कुठलंही इलेक्ट्रॉनिक तिथून घेऊ नका.

तर सात लाखांच्या त्या ई-क्लासचा पहिल्या वर्षाचा हिशेब असा पडतो. सगळी तेलं आणि फिल्टर पन्नास हजार, माउंटिंग पंचेचाळीस, पुढचे आर्म ऐंशी, टायर साठ, बॅटरी पंचवीस, आणि न सांगता येणाऱ्या एका दुखण्यासाठी लाखभर. साडेतीन लाखांच्या वर. त्यानंतर दरवर्षी लाख-दीड लाख धरावेत. एखादं वर्ष चाळीस हजारांत जाईल, एखादं दोन लाख नेईल. हे पैसे घेण्याच्या दिवशीच बाजूला काढता येत असतील, आणि विकणाऱ्याकडे जुन्या बिलांची फाइल असेल, तर गाडी जरूर घ्या. बघायला सकाळी जा, विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंडच हवं, आणि सोबत रॅम्प असलेल्या गॅरेजची वेळ घेऊन जा. त्या तपासणीचे दोन-चार हजार कोणी टाळायला सांगत असेल, तर ती गाडी सोडून द्या. आणि सातच लाख असतील, त्यावर एक रुपयाही नसेल, तर या वर्षी नवी हॅचबॅकच घ्या.